‘५० एक्स’ म्हणजे कशाच्या ५० पट?

भाचीने दोन फोटो पाठवले. एकात कॅमेऱ्याचं खोकं, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘५० एक्स झूम’. दुसऱ्यात नुसतीच एक लांबलचक लेन्स, वेगळ्या कॅमेऱ्याला लावायची, १५० ते ६०० मिमी. कुणीतरी तिला सांगितलं होतं की ही लेन्स ‘४ एक्स’ आहे. खाली प्रश्न: “मावशी, ५० वाला स्वस्त आणि ४ वाला महाग, हे उलटं कसं? आणि पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक हा ४ वालाच गळ्यात अडकवून का फिरतात?”

या आकड्याला मीही एकदा फसले आहे. माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘१२ एक्स’ लिहिलं होतं आणि त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘३ एक्स ऑप्टिकल, ४ एक्स डिजिटल’. तीन चोक बारा, एवढंच ते गणित होतं. ते कळायला एक सहल आणि एक खंड्या वाया गेला. तारेवर बसलेला तो पक्षी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चांगला भरलेला दिसत होता. घरी येऊन फोटो उघडला तर निळ्या-तांबूस चौकोनांचा ढीग. चोच कुठली आणि तार कुठली, ओळखा.

भाचीला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

एक्स हा निव्वळ भागाकार

झूम लेन्स म्हणजे आतली भिंगं पुढेमागे सरकवून दृश्य जवळ किंवा लांब करणारी लेन्स. तिला दोन टोकं असतात. एका टोकाला जास्तीत जास्त परिसर मावतो, दुसऱ्या टोकाला लांबची वस्तू मोठी दिसते. ही टोकं मिलिमीटरमध्ये सांगतात: २४ ते १२०, १५० ते ६००, असं. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागलं की जे येतं ते ‘एक्स’. २४ ते १२० ही ५ एक्स. १५० ते ६०० ही ४ एक्स. पण लांबची वस्तू दिसायची तर १२० च्या तुलनेत ६०० पाचपट पुढे आहे. ‘एक्स’ कमी असूनसुद्धा.

सरकवून लांब होणाऱ्या शिडीचा विचार करा. एक शिडी मिटल्यावर १ मीटर आणि उघडल्यावर ५ मीटर: पाचपट. दुसरी मिटल्यावर ३ मीटर आणि उघडल्यावर १२: चौपट. गच्चीवर चढायचं असेल तर कुठली घ्याल? शिडी किती पट वाढते याचं तुम्हाला काय करायचंय, ती कुठवर पोचते ते बघायचं. फक्त पहिली शिडी मिटवून कोपऱ्यात मावते हा तिचा गुण, आणि तो काही लहान गुण नाही.

स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली आली, फॉइक्टलेंडर कंपनीची झूमार. तिची टोकं ३६ आणि ८२ मिमी. आजच्या खोक्यावर तिला ‘२.३ एक्स’ लिहावं लागलं असतं आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

दुर्बिणीमुळे या गोंधळात भर पडते. दुर्बिणीवरचं ८ म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतं त्याच्या आठपट मोठं. कॅमेऱ्याचं ८ एक्स म्हणजे त्याच कॅमेऱ्याच्या सर्वांत रुंद टोकाच्या आठपट, आणि रुंद टोकाला वस्तू डोळ्यांपेक्षा लहानच दिसतात. डोळ्यांना जसं दिसतं त्याच्या जवळपास जाणारं टोक ५० मिमी धरतात. २४ पासून सुरू होणारा ८ एक्स कॅमेरा १९२ मिमीला थांबतो, म्हणजे डोळ्यांच्या जेमतेम चौपट. आणि तो सोनेरी ५० एक्स? २४ गुणिले ५०, म्हणजे १२०० मिमी. डोळ्यांच्या २४ पट. कमी नाही, पण ५० सुद्धा नाही.

चाळिशीचा चष्मा आणि एक कागद

हे मिलिमीटर म्हणजे नक्की कशाचे? लेन्सच्या लांबीचे नव्हेत. यासाठी घरात करून पाहता येण्यासारखा प्रयोग आहे.

दुपारी एका खोलीत एकच खिडकी उघडी ठेवा, बाकी अंधार करा. खिडकीपासून लांब उभं राहून चाळिशीचा चष्मा एका हातात आणि पांढरा कागद दुसऱ्या हातात धरा, चष्मा खिडकीच्या बाजूला. +२ नंबरचा चष्मा असेल तर कागद काचेपासून साधारण अर्ध्या मीटरवर नेल्यावर बाहेरचं झाड कागदावर उमटेल. उलटं, पण रंगांसकट, पानं हलताना दिसतील एवढं स्पष्ट. लांबच्या वस्तूचं चित्र जिथे स्पष्ट होतं ते काचेपासूनचं अंतर म्हणजे त्या भिंगाचं नाभीय अंतर. फोटोवाले याला फोकल लेंथ म्हणतात. +२ च्या काचेचं ते ५०० मिमी असतं.

आता +१ चा चष्मा घ्या. कागद १ मीटरवर न्यावा लागेल. झाडाचं चित्र दुप्पट मोठं होईल. कागद मात्र तेवढाच आहे, त्यामुळे आधी अख्खं झाड मावत होतं तिथे आता नुसता शेंडा मावेल. झूम म्हणतात तो हाच. कॅमेऱ्यात कागदाच्या जागी सेन्सर असतो, प्रकाश टिपणारी चिप. भिंगं सरकली की नाभीय अंतर वाढतं, चित्र फुगतं, सेन्सरच्या कडांबाहेर सांडतं, आणि उरलेला मधला तुकडा फोटो म्हणून साठतो.

कागद खाली ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. +१ चं चित्र मोठं आहे, पण अंधूक आहे. दोन्ही काचा सारख्याच आकाराच्या, म्हणजे आत येणारा प्रकाश सारखाच. तोच आता चौपट जागेत पसरला. झूम केल्यावर फोटो का काळवंडतात याचं उत्तर त्या कागदावर आहे. ते पुढे लागणार आहे.

मिलिमीटरवरून मीटर

नाभीय अंतराचा आकडा कळला तरी डोळ्यांपुढे काही येत नाही. मी एक ढोबळ हिशोब वापरते: ३६०० ला त्या आकड्याने भागायचं. जे येईल तेवढ्या मीटर रुंदीचा परिसर १०० मीटर अंतरावर तुमच्या चौकटीत मावतो. २४ मिमीला १५० मीटर. ५० ला ७२. २०० ला १८. ६०० ला ६ मीटर आणि १२०० ला ३. निकॉनने २०१८ मध्ये आणलेला कूलपिक्स पी१००० हा २४ ते ३००० मिमी, म्हणजे १२५ एक्सचा कॅमेरा. त्यात १०० मीटरवरचा सव्वा मीटरसुद्धा धड मावत नाही. चंद्र त्याच्या चौकटीत वर-खाली कापला जातो. ६०० मिमीला तोच चंद्र चौकटीच्या उंचीच्या पाव भागाहूनही लहान असतो.

(३६०० कुठून आले? जुन्या ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमी होती आणि जगभर सगळे आकडे अजून तिच्याच हिशोबाने सांगतात. खोक्यावर ‘३५ मिमी समतुल्य’ असं लिहिलेलं असतं ते यासाठी. लेन्सच्या कडेवर कोरलेला आकडा वेगळा असू शकतो: पी१००० च्या लेन्सचं खरं नाभीय अंतर ४.३ ते ५३९ मिमी आहे. तुलना करताना नेहमी समतुल्य आकडाच घ्या.)

पक्ष्याचं उदाहरण घेऊ. ३० सेंटिमीटर लांबीचा पक्षी १०० मीटरवर आहे आणि तुमच्याकडे ६०० मिमी आहे. चौकट ६ मीटरची, पक्षी तिच्या विसाव्या हिश्शाएवढा. तोच पक्षी २० मीटरवर आला तर चौकट १.२ मीटरची होते आणि पक्षी तिचा पाव भाग व्यापतो. ५० एक्सच्या मागे लागण्याआधी हे गणित एकदा करून पाहावं. पाऊल न वाजवता पुढे सरकता आलं, तर अर्धा झूम तिथेच मिळतो.

आणि लहान टोकाकडे दुर्लक्ष करू नका. घरात चार मीटरवरून सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना २४ मिमीत ६ मीटर रुंदी मावते, २८ मिमीत सव्वापाच मीटरहूनही थोडी कमी. कडेला उभी असलेली दोन माणसं त्या पाऊण-एक मीटरमध्ये जातात. पाठ भिंतीला टेकल्यावर आणखी मागे सरकता येत नाही. लांबच्या टोकाची कसर निदान पायांनी भरून काढता येते.

डिजिटल झूम: कात्री आणि भिंग

आतापर्यंतचा झूम काचेचा होता, म्हणून त्याला ऑप्टिकल म्हणतात. डिजिटल झूममध्ये काच जागची हलत नाही. कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मूळ आकाराचा करतो. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की चेहरा स्पष्ट होत नाही, छपाईचे ठिपके तेवढे मोठे होतात. तसंच हे.

कापाकापीचा हिशोब वर्गाने चालतो. २० मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एक्स डिजिटल झूमला ५ मेगापिक्सेल उरवतो आणि ४ एक्सला सव्वा. फाइल मात्र २० चीच दाखवत असू शकते, कारण मधले पिक्सेल अंदाजाने भरलेले असतात. आपण ‘फोटो फाटला’ म्हणतो तो याच अंदाजाने. फुल एचडी पडद्याला साधारण २ मेगापिक्सेल पुरतात. त्यामुळे २ एक्सपर्यंतचा डिजिटल झूम मोबाइलवर पाहायला चालून जातो. ४ एक्सला माझ्या खंड्याचं जे झालं ते होतं.

मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करून टाका, असं मी सरळ सांगते. बऱ्याच कॅमेऱ्यांत झूम करताना पडद्यावर एक पट्टी दिसते आणि तिच्यावर मध्ये एक खूण असते: खुणेपर्यंत काच, पुढे कात्री. जुन्या फोटोबद्दल शंका असेल तर संगणकावर त्याची माहिती उघडून बघा. कॅमेऱ्याने नोंद केली असेल तर तिथे डिजिटल झूमचा रेशो सापडतो.

“पण आता एआय आहे ना?”

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

मार्च २०२३ मध्ये रेडिटवर एकाने चंद्राचा फोटो घेतला, तो १७० बाय १७० पिक्सेलचा करून वर मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि खोलीतले दिवे घालवून सॅमसंगच्या फोनने लांबून त्याचा झूम फोटो काढला. पडद्यावर नव्हती ती विवरं फोटोत उमटली. सॅमसंगने खुलासा केला की फोनचं एआय चंद्र ओळखतं आणि त्याचे बारकावे वाढवतं. चंद्र यासाठी सोयीचा आहे, कारण तो पृथ्वीला नेहमी एकच बाजू दाखवतो. एकदा शिकलं की झालं. तुमच्या दारातल्या पक्ष्याच्या पिसांवरची नक्षी मात्र एआयने कधी पाहिलेली नसते. तिथे ते ‘अशा पक्ष्याची पिसं अशी असावीत’ असं रंगवतं. शोभेसाठी ठीक. पक्षी कुठल्या जातीचा ते ओळखायला तोच फोटो वापरणार असाल, तर तुम्ही एआयचं मत पाहताय एवढं लक्षात असू द्या.

अशा हुशार झूमची दुसरी तऱ्हा वेगळी आहे आणि तिला मी नावं ठेवणार नाही. गुगलने २०१८ च्या पिक्सेल ३ मध्ये आणलेल्या झूममध्ये फोन एकापाठोपाठ अनेक फोटो काढतो. आपला हात किंचित थरथरतोच, त्यामुळे प्रत्येक फोटो केसभर सरकलेला असतो. एका फोटोत दोन पिक्सेलच्या मध्ये निसटलेला तपशील दुसऱ्यात पकडला जातो, आणि सगळे जुळवून एक जास्त बारकाव्याचा फोटो बनतो. इथे माहिती खरोखर गोळा होते. मर्यादा एवढीच की समोरचं दृश्य तोवर स्थिर हवं आणि ही वाढ दुपटीच्या आसपासच खरी वाटते. कॅमेऱ्यांतही ‘हुशार’ झूम असतात, प्रत्येक कंपनीचं नाव निराळं; त्यातले बरेचसे एकाच फोटोच्या कडा ओळखून जरा नीटनेटकं ताणतात, बस.

फोनचा एक्स आणखीनच निराळा

फोनवरचा १ एक्स म्हणजे त्याचा मुख्य कॅमेरा, बहुधा २४ मिमीच्या आगेमागे. त्यावर ५ एक्स लिहिलं असेल तर ते सुमारे १२० मिमी. ०.५ म्हणजे त्याचा सर्वांत रुंद कॅमेरा. कॅमेरेवाल्यांच्या भाषेत ०.५ ते ५ हा १० पटींचा पल्ला झाला आणि जाहिरातीत तो तसा मांडलाही जातो. सॅमसंगच्या २०२० च्या गॅलेक्सी एस२० अल्ट्राच्या पाठीवर तर ‘स्पेस झूम १०० एक्स’ असं छापलेलंच होतं. त्यात काचेचा वाटा फार थोडा होता.

बहुतेक फोनमध्ये भिंगं सरकणारा झूम नसतोच. दोन-तीन वेगवेगळे ठरावीक कॅमेरे असतात आणि त्यांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या कात्रीच्या. १ नंतर थेट ५ चा कॅमेरा असेल तर ४.८ ला तुम्ही १ चाच फोटो कापून पाहत असता. ५ ला पोचल्यावर फोटो अचानक स्वच्छ होतो तो यामुळे. फोन जाडीला जेमतेम ८-९ मिमी असल्याने त्यात लांब नळी उभी करता येत नाही. म्हणून आत प्रिझम बसवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि लेन्स आडवी ठेवतात. पेरिस्कोप म्हणतात ती हीच.

खात्री करायला बोट पुरतं. ५ एक्स निवडा आणि पाठीमागच्या एकेका लेन्सवर बोट ठेवा. लांबच्या लेन्सवर बोट ठेवूनही चित्र तसंच राहिलं, तर फोन तिच्याकडून काम घेतच नाहीये. कमी उजेडात हे वारंवार होतं, कारण लांबच्या लेन्सला प्रकाश कमी मिळतो आणि फोनला मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापणं जास्त बरं वाटतं. बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं.

एवढा झूम एवढ्याशा कॅमेऱ्यात मावतो कसा?

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे. स्वस्तात १२०० मिमी मिळतात ते कुणाच्या जिवावर? सेन्सरच्या.

चष्म्याचा प्रयोग आठवा. कागद मोठा असेल तर चित्राने तो भरायला भिंग लांब हवं, आणि उजेड टिकवायला रुंदही हवं. कागदच नखाएवढा केला तर छोट्याशा भिंगानेही तो भरतो. पी१००० ची खरी लेन्स ५३९ मिमी आणि लांबच्या टोकाला एफ/८. एफ पुढचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत येण्याच्या वाटेची रुंदी. आकडा लहान तेवढा उजेड जास्त. ५३९ भागिले ८, म्हणजे ६७ मिमीची वाट. हातात मावते. तोच ३००० मिमी, एफ/८ जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरसाठी बनवायचा म्हटलं तर वाट ३७५ मिमीची लागेल: गाडीच्या स्टिअरिंगएवढी काच, आणि तीही पुढची एकच. उचलायला दुसरा माणूस लागेल.

म्हणून मोठ्या झूमच्या आटोपशीर कॅमेऱ्यांत सहसा १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर असतो, जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमी, क्षेत्रफळाने चौपट. (त्यात एक इंच कुठेही मोजून सापडत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं नाव अजून चिकटून आहे.) जुन्या फिल्मएवढा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर त्या पहिल्याच्या तीसपट. पावसाचं पाणी धरायला वाटी ठेवली की परात, असा हा फरक. भर उन्हात वाटीही भरते. संध्याकाळी, सभागृहात, दाट झाडीत वाटी कोरडी राहते आणि फोटोत रवाळ दाणे येतात.

त्यात झूम वाढला की एफचा आकडाही चढतो. खोक्यावर ‘एफ/२.८–६.५’ असेल तर लांबच्या टोकाला प्रकाश पाचपटीहून कमी मिळतो. मला विचाराल तर ‘एक्स’पेक्षा हा दुसरा आकडा आधी बघावा. सोनीच्या आरएक्स१० मालिकेतला चौथा कॅमेरा २४ ते ६०० मिमीच जातो, २५ एक्स. पण एक इंची सेन्सर आणि लांबच्या टोकाला एफ/४. संध्याकाळच्या उजेडात तो दुपटीच्या झूमवाल्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. वजन किलोभर, हे मात्र मान्य करायला हवं.

हात हलतो, हवा हलते

झूममध्ये वस्तू जशी मोठी होते तशी हाताची थरथरही. जुना नियम असा: नाभीय अंतराचा आकडा जेवढा, सेकंदाच्या निदान तेवढ्याव्या भागात फोटो घ्या. ६०० मिमीला १/६०० सेकंद. लेन्स किंवा सेन्सर उलट दिशेने हलवून थरथर जिरवणारं स्टॅबिलायझेशन चार पायऱ्यांचं असेल (दर पायरीला वेळ दुप्पट) तर हा वेळ सोळापट वाढवता येतो, १/४० च्या आसपास. फांदीवरचा निजलेला घुबड त्यात नीट येईल. उडणारा पक्षी येणार नाही, कारण स्टॅबिलायझेशन तुमचा हात धरतं, पक्ष्याचे पंख नाही. आणि ते ‘ऑप्टिकल’ आहे ना ते पाहा. ‘डिजिटल’ किंवा ‘इलेक्ट्रॉनिक’ असेल तर पुन्हा कडा कापणं आलं.

मोठ्या झूमला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. हात पुढे ताणून पडद्याकडे बघत १२०० मिमी स्थिर धरता येत नाही. डोळा लावला की कपाळाचा तिसरा टेकू मिळतो, आणि उन्हात पडदा दिसत नाही ती कटकटही मिटते.

हवेवर मात्र कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही. तापलेल्या डांबरी रस्त्यावर दुपारी हवा लाटांसारखी थरथरते. अर्ध्या-एक किलोमीटरवरच्या वस्तूचा फोटो तुम्ही तसल्याच हवेच्या जाड थरातून काढत असता. फोटो मऊ येतो, लोक लेन्सला दोष देतात. तीच जागा सकाळी सात वाजता टिपा आणि मग बोला.

“मग जास्त मेगापिक्सेल घेऊन नंतर कापलं तर?”

चालेल, काही अंशी. घरी कापणं म्हणजे डिजिटल झूमच, फक्त कात्री तुमच्या हातात आणि मूळ फोटो शाबूत. पण ४० मेगापिक्सेलमधून ३ एक्सएवढं कापलं की साडेचारच उरतात. शिवाय लेन्सच मऊ चित्र टाकत असेल तर ते जास्त ठिपक्यांत विभागून मऊपणा जात नाही.

“पुढे चालत गेलं तर झूम कशाला?” हाही एक आक्षेप असतो, आणि पक्ष्याबाबत मी वर तेच म्हटलं. पण माणसांच्या चेहऱ्याला तो लागू नाही. हातभर अंतरावरून रुंद टोकाने काढलेल्या चेहऱ्यात नाक फुगतं आणि कान मागे पळतात, कारण नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या प्रमाणाबाहेर जवळ असतं. दोन पावलं मागे या आणि ८५ ते १०० मिमीपर्यंत झूम करा. चेहरा चौकटीत तेवढाच, पण ओळखीचा.

घेण्याआधी हातात धरून

झूम केलेला पक्षी चौकटीतून निसटला की परत सापडत नाही, हा अनुभव माहितीपत्रकात नसतो. काही कॅमेऱ्यांत एक बटण असतं: दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी शोधायचा, सोडलं की पुन्हा तिथेच. ते आहे का, आणि बोट आपोआप त्याच्यावर जातं का, बघा. व्हिडिओ काढणार असाल तर रेकॉर्डिंग चालू असताना झूम करून ऐका. मोटरची घरघर आवाजात येते का ते तिथेच कळतं. लांबच्या टोकाला कॅमेरा किती जवळचं स्पष्ट दाखवतो तेही पाहा. फुलपाखरासाठी घेतलेला मोठा झूम दोन मीटरच्या आत काही ओळखतच नाही, असं होऊ शकतं.

आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. दारात उभं राहून लांबची एखादी पाटी शोधा, डिजिटल झूम बंद करा, काचेच्या शेवटच्या टोकाला तीन-चार फोटो घ्या. मग तीच पाटी निम्म्या झूमला. छोट्या पडद्यावर निकाल लावू नका, तिथे सगळेच फोटो सुंदर असतात.

भाचीने हे केलं. ५० एक्सवाला आणि एक इंची सेन्सरचा २५ एक्सवाला, दोन्हींचे फोटो त्याच रात्री पाठवले, संध्याकाळी उजेड उतरल्यावर काढलेले. ५० एक्समध्ये पाटी मोठी होती, जवळजवळ चौकटभर. तिच्यावरचं पहिलं अक्षर ‘घ’ की ‘ध’, ते काही केल्या लागेना. २५ एक्सची पाटी निम्म्या आकाराची. मी ती संगणकावर ताणून बघितली. ‘ध’ होता, डोक्यावरची रेघ जिथे तुटते ती फट स्पष्ट दिसत होती.